मेंढवाड्याखालची कोरडी माती

कस्तुराबाई मला अजून सूनबाई म्हणते. माझी लेक परभणीला कृषी विद्यापीठात शिकायला गेली, सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझ्या डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त झाले. पण तिच्या लेखी मी कालपरवा लग्न होऊन देवगाव रंगारीला आलेली, भाकरी करपवणारी पोरगीच. एकदा मी म्हटलं, "मावशी, आता तरी आशा म्हणा." तर म्हणाली, "आधी भाकर फुगू दे नीट." अशा बाईवर रागवायचं तरी कसं? तरी मी रागावतेच. माझा राग आमच्या वस्तीवर सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

ती मेंढपाळाची बाई. दर वर्षी फाल्गुनात, गहू-हरभरा निघाला की ती, तिचा नवरा मुंजाबा, त्यांची मेंढरं, एक म्हातारं घोडं आणि दोन कुत्री आमच्या रानात उतरायची. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी लावायची, रात्रभर ती तिथं बसवायची आणि दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकवायची. असं करत सगळं रान खतवून व्हायचं. आम्ही त्यांना ज्वारी द्यायचो, विहिरीचं पाणी द्यायचो, आणि माझा नवरा, आमचे आप्पासाहेब, संध्याकाळी मेंढवाड्याजवळ जाऊन बसायचे. घरात चार शब्द बोलायला ज्यांच्या जिवावर येतं, ते तिथं मुंजाबांशी तासन्‌तास बोलायचे. आता मुंजाबाही मुलखाचे अबोल. दोघं नेमकं काय बोलतात ते मला आजवर कळलेलं नाही.

बोलायचं सगळं काम कस्तुराबाईकडे. उंच, काटक, कपाळावर आडवं मोठं कुंकू, हातात काठी. गावात कुणाकडे काय शिजलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या बैलाला खुरकूत झालं, हे तिला देवगावात पाऊल टाकायच्या आधी कळलेलं असायचं. कसं, ते देव जाणे. माझं बाळंतपण झालं तेव्हा ती वाट वाकडी करून आली होती. श्रेयाला मांडीवर घेऊन तिच्या अंगावर घोंगडीचा तुकडा टाकला आणि सासूबाईंना म्हणाली, "पोरगी झाली म्हणून तोंड पाडू नका, आमच्यात मेंढी झाली की पेढं वाटत्यात." सासूबाईंना उभ्या आयुष्यात असं ऐकवणारी ती एकटीच.

तिची एक सवय होती. रान सोडायच्या आदल्या दिवशी ती सगळी जागा झाडून काढायची. चुलीची राख, काटेकुटे, मेंढरांच्या अंगावरचे पडलेले केस, सगळं एका जागी गोळा करून पेटवायचं. मेंढरांबरोबर गोचीड येतात, ते मागे राहिले तर यजमानाच्या गाईम्हशींना चिकटतात. "ज्याच्या रानात निजलो, त्याच्या जनावराला आपला किडा लागू नये," हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. बाकीचे मेंढपाळ एवढं करत नाहीत. ती करायची, आणि ती ते आमच्याकडे जरा जास्तच करायची.

पण अलीकडे तिला रान द्यायला माणसंच उरली नव्हती. कुणाच्या शेतात प्लॉट पडले, कुणाकडे मोसंबीची बाग आली, कुणी म्हणालं मेंढरं ठिबकच्या नळ्या कुरतडतात. तिचा मुलगा अंगद वाळूजच्या एका कंपनीत कामाला आहे, बजाजनगरला राहतो. पोरगा गुणाचा. आईचे गुडघे सुजलेले बघून त्याचा जीव तुटायचा. "आई, आता बस कर, माझ्याकडं ये," हे त्याचं वर्षानुवर्षांचं पालुपद. शेवटी मायलेकांत ठरलं. आप्पासाहेबांचं रान आहे तोवर मेंढरं ठेवायची. ते सुटलं की विकायची आणि आईनं बजाजनगरला यायचं. आईनं मान डोलावली, कारण आमचं रान सुटेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि गेल्या वर्षी नेमकं ते झालं.

विहिरीजवळ आमची एक मुरमाड पट्टी आहे. तिच्यात अद्रक लावायचं आप्पासाहेबांनी मनावर घेतलं होतं. म्हणून त्यांनीच सांगितलं, मेंढवाडा यंदा त्या पट्टीत जास्त दिवस बसू द्या. कस्तुराबाई खूश. तिथंच तिनं मेंढरांची लोकर कातरली. एरवी कातरण्याआधी मेंढरं गावतळ्यात घालून धुतात. पण त्या वेळी तळ्याचं खोलीकरण चाललं होतं, आत जेसीबी आणि चिखल. म्हणून न धुताच कातरली. मी बघायला गेले तर तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. तुपात बुडवून काढल्यासारखे चकचकीत.

"बघ सूनबाई, न धुतलेल्या लोकरीत किती चिकट असतं ते. ह्या चिकटामुळंच पावसात घोंगडी पाणी धरत नाय."

त्या लोकरीला आता कुत्रंसुद्धा विचारत नाही. पूर्वी कचरू घोंगडीवाला घ्यायचा, त्यानं माग बंद करून टाकला. मग एवढी लोकर करायची काय? रस्त्यावर फेकायला तिचं मन होईना. तिनं ती सगळी आमच्या अद्रकाच्या पट्टीत आणून पसरली. कुजली की आप्पांच्या रानाला खत होईल, हा हिशोब. पण जायच्या आदल्या दिवशी बघते तर त्या लोकरीत गोचीडच गोचीड. मग काय, लेंड्या, काटे आणि लोकर, सगळं तिथंच पसरून पेटवून दिलं. लोकर धड पेटत नाही. ती दोन-तीन दिवस नुसती धुमसत राहिली. वास असा की आमच्या वस्तीवरची म्हैस दूध द्यायला तयार नव्हती. मी नाकाला पदर लावून शिव्या देत होते आणि कस्तुराबाई निघता निघता लांबून ओरडत होती, "नाक धरून बस सूनबाई! एक गोचीड वाचायची नाय!"

वैशाखात आप्पासाहेबांनी पट्टी नांगरली, बेड पाडले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि बेणं लावलं. वरच्या काळ्या रानातलं अद्रक फुटून वर आलं. पट्टीत मात्र एक कोंब दिसेना. आप्पासाहेबांनी पाणी वाढवलं. बेड वरून चमकायचे, सरीत डबकं साचायचं, पण कोंब काही यायचे नाहीत. त्यांनी आधी नळ्यांना शिव्या दिल्या, मग बेणं देणाऱ्याला, मग लाइटवाल्यांना. शेवटी मी चहा उशिरा दिला म्हणून मला. मी म्हटलं, "माझ्या चहाचं आणि अद्रकाचं एवढं नातं असतं तर पातेलंभर चहा पट्टीत ओतून आले असते." त्यावर त्यांनी दोन दिवस बोलणं बंद केलं. मलाही विश्रांती मिळाली.

श्रेया सुट्टीला आली होती. ती परभणीला मातीच शिकते. "माती शिकायला परभणीला कशाला जावं लागतं, आपल्या उंबऱ्याबाहेर काय पिठी साखर आहे का," असं आप्पासाहेब तिला नेहमी चिडवतात. ती खुरपं घेऊन गेली आणि बेड मधोमध चिरला. आप्पासाहेब, मी, गडी, सगळे वाकून बघायला लागलो. एवढं पाणी सोडून माती आत कोरडी ठणठणीत. मधूनच कुठंतरी बोटाएवढी ओली रेघ सरळ खाली गेलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना नुसता भुगा. त्या भुग्यात बेणं जसंच्या तसं पडलेलं, सुरकुतलेलं.

श्रेयानं मूठभर भुगा घेऊन तळहातावर सपाट केला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब तसाच बसला, अळूच्या पानावर बसतो तसा. हात हलवला की इकडून तिकडे घरंगळायचा. वरच्या रानातल्या मातीवर थेंब टाकला, तो टाकताक्षणी गडप. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"बाबा, मातीत भोकं कमी नाहीत," ती म्हणाली. "वाटा मोकळ्याच आहेत. पण दिव्याची वात तेल कशी ओढते? तेल धाग्याला चिकटतं म्हणून. पाणीपण मातीच्या कणाला चिकटतं, म्हणून एका कणावरून दुसऱ्यावर जातं, आजूबाजूला पसरतं. इथं कणाकणावर मेणचटाचा पापुद्रा बसलाय. पाणी चिकटतच नाही. वर साचतं, सरीत पळतं, नाहीतर एखाद्या ठिकाणी वाट फोडून थेट खाली जातं. मुळाच्या वाट्याला काहीच नाही." मग तिनं भुगा नाकाशी नेला. "इथं काही जाळलं होतं का?"

मी न सांगता राहिले असते तर बरं झालं असतं, असं नंतर कितीदा तरी वाटलं. पण पोरीनं विचारलं आणि मी सांगितलं. लोकर, लेंड्या, धूर, सगळं. श्रेया म्हणाली, तेच. लोकरीचं चिकट धुमसत खाली उतरलं आणि गार झाल्यावर मातीच्या कणांवर बसलं. त्यात ही मुरमाड जमीन, तिला असलं काही पटकन धरतं.

आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. लेकीसमोर, गड्यांसमोर आपण महिनाभर नळ्यांना शिव्या देत होतो, ह्याचा राग आधी, अद्रकाचा नंतर. त्यांनी तिथूनच अंगदला फोन लावला. "तुझ्या आईला सांग, माझी पट्टी नासवली तिनं. पुढच्या साली वाडा माझ्या रानात बसायचा नाही." एवढं बोलून फोन खिशात. मी म्हटलं, "अहो, जरा थांबायचं." ते म्हणाले, "शब्द गेला." आमच्यात शब्द गेला म्हणजे गेला. तो परत आणायची रीत आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून कस्तुराबाई उतरली. त्या वेळी त्यांची मेंढरं शहराच्या पार पलीकडं, चितेगावकडे होती, म्हणजे एवढ्या उन्हात शहर ओलांडून, गाड्या बदलून आली. घरात न येता सरळ पट्टीत गेली. आप्पासाहेब विहिरीच्या कठड्यावर बसले होते, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कोण म्हणतं माझ्या मेंढरांनी रान नासवलं?" ती काठी आपटून म्हणाली. "माझ्या बापापासनं आमी वाडं बसवतोय. लेंडीखतानं कुणाचं वाकडं झालेलं ऐकलं न्हवतं."

"आजी, लेंड्यांनी नाही," श्रेया म्हणाली, आणि तिच्या हातात तो भुगा दिला.

कस्तुराबाईनं तो बोटांत चोळला. नाकाशी नेला. पुन्हा चोळला. तिला दुसरं काही सांगावंच लागलं नाही, उभा जन्म तो वास तिच्या हाताला होता.

"माझीच लोकर हाय ही," ती म्हणाली. "आई गं. गोचीड मारायला गेले आन् रान मारलं म्या."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. मला वाटलं आता रडेल. मला स्वतःलाच रडू येत होतं. पण ती पदरानं तोंड पुसून श्रेयाकडे वळली. "पोरी, लोकर धुताना आधी पाणी असंच बाहेर पळतं. आमी काय करतो सांगू? रिठ्याच्या पाण्यात भिजवतो. फेस आत शिरला की मग लोकर पाणी पिती. मातीला नाय का चालायचं?"

श्रेया तिच्याकडे बघतच राहिली. दुकानातलं स्टिकर, जे फवारणीच्या औषधात घालतात, ते वापरून बघायचं तिच्या मनात होतं. रिठ्याचा विचार तिला सुचला नव्हता. "चालायला पाहिजे," ती म्हणाली. "फेस दोघांना धरतो, मेणालाही आणि पाण्यालाही. पण आजी, तेवढ्यानं भागणार नाही. तळ्यातला गाळ आणून मिसळावा लागेल. आणि एकदा भिजली की परत वाळू द्यायची नाही. थोडं थोडं पाणी, पण रोज. वाळली की परत रुसेल."

"मंजी माझ्यावाणीच," कस्तुराबाई म्हणाली.

माझ्या घरात केस धुवायचे रिठे होते ते सगळे काढले. दोन वाट्यांत तोच भुगा घेतला. एकीत साधं पाणी घातलं, दुसरीत रिठ्याचं. साध्या पाण्याच्या वाटीत भुगा वर तरंगत राहिला. दुसरीत पाण्यानं आधी वेळ घेतला, मग कडेनं काळपट ओल धरली, आणि बघता बघता सगळी माती खाली बसली. श्रेयानं टाळी वाजवली. कस्तुराबाईनं नुसता मोठा श्वास सोडला.

चार दिवस ती राहिली. रिठे कुटायची, घमेल्यात फेस करायची, गडी डब्यानं बेडवर ओतायचे. श्रेयानं मागे लागून ट्रॉलीभर गाळ आणवला आणि बेड हातानं कालवून घेतले. आप्पासाहेब लांबून बघायचे. हे चार दिवस ती आमच्या घरात जेवली नाही, वस्तीच्या बाहेर लिंबाखाली बसून स्वतःची भाकर खायची. मी भाजी घेऊन गेले तर म्हणाली, "ज्या रानात वाडा बसत नाय, तिथलं अन्न कसं खाऊ सूनबाई?" मी चिडून ती भाजी तिथंच ठेवून आले. कुत्र्यानं खाल्ली.

जाताना ती आप्पासाहेबांपुढे उभी राहिली. ते काहीतरी बोलतील म्हणून थांबली असावी. मीही दारात थांबले होते. ते म्हणाले, "एसटी चुकेल." ती गेली.

पट्टीतलं निम्मंअधिक अद्रक उशिरा का होईना फुटलं. पुढं पाऊस चांगला झाला, पट्टीनं पाणी घेतलं, आणि आप्पासाहेब रोज सकाळी तिथं जाऊन मातीत बोट खुपसून बघायला लागले. मी विचारलं तर म्हणायचे, सहज. दिवाळी गेली, गहू-हरभरा आला, निघाला. फाल्गुन लागला आणि आमच्या रानात कुणी उतरलं नाही. कुत्री भुंकली की आप्पासाहेब ओट्यावर यायचे, रस्त्याकडे बघायचे आणि आत जायचे. ज्या माणसानं रान बंद केलं तोच वाट बघत होता. मला हसू यावं की संताप, कळेना.

मग अंगदचा फोन आला. मलाच केला होता त्यानं. "काकू, व्यापारी ठरलाय. सोमवारी मेंढरं नेणार. आई दोन दिवस जेवली नाय. तुमाला सांगावं वाटलं, म्हणून सांगितलं."

मी फोन ठेवला आणि आप्पासाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. संसारातला सगळा राग मी त्या दिवशी एकदम काढला. "तुमच्या शब्दापायी त्या बाईचा जन्म बाजारात उभा राहतोय. तिला काय तुमचं अद्रक मारायचं होतं? तुमच्या म्हशीला गोचीड लागू नये म्हणून तिनं ते पेटवलं. तुम्ही येत नसाल तर मी एसटीनं जाते, आणि परत कधी येईन ते सांगत नाही."

ते उठले, टोपी घातली आणि मोटारसायकल काढली. मी मागं बसले.

चितेगावच्या पुढं, कंपन्यांच्या मागं एका मोकळ्या प्लॉटवर त्यांची मेंढरं होती. तारेचं कुंपण, प्लास्टिकच्या पिशव्या, गवताची काडी नाही. आम्ही पोचलो तेव्हा व्यापारी सोमवारच्या आधी मेंढरं पारखायला आला होता. मेंढ्यांची तोंडं उघडून दात बघत होता. अंगद मान खाली घालून बाजूला उभा. मुंजाबा घोड्याच्या पाठीवर हात ठेवून. कस्तुराबाई एका दगडावर बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं.

आप्पासाहेब तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले. ते कुणापुढे जमिनीवर बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"गहू निघाला," ते म्हणाले.

ती मेंढरांकडे बघत राहिली.

"रान मोकळं पडलंय. पट्टीसुद्धा."

"तुमचं रान म्या नासवलं, आप्पा," ती तिकडेच बघत म्हणाली. "दुसऱ्या कुनाची आना मेंढरं."

"दुसरे निघताना मागं वळून बघत नाहीत," आप्पासाहेब म्हणाले. "परक्याच्या रानात एवढी झाडलोट कुणी करत नाही, कस्तुराबाई. तुम्ही स्वतःचं समजून केलंत, म्हणून ते झालं. हे मला कळायला वर्ष लागलं. घरी चला."

अंगदनं वर बघितलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला.

कस्तुराबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. काठी उचलली आणि व्यापाऱ्याकडे वळली, त्याचा अंगठा अजून एका काळ्या मेंढीच्या जबड्यात होता.

"पावण्या, हात काढ तिच्या तोंडातनं," ती म्हणाली. "आमाला गावाकडं जायचंय."

त्यानं हात काढला. मुंजाबा तोवर जाळी गुंडाळायला लागलेसुद्धा होते.